डोंगरातल्या आजोबांची शिंक

बाईंना हसताना मी कधीच पाहिलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लहान मुलांना वाचून दाखवायच्या गमतीच्या पुस्तकांबद्दल कोणी बोलायला लागलं की मला त्या बाई आठवतात, आणि ऐकणाऱ्याला उगाच वाटतं, असेल कोणी गोल चेहऱ्याची, पोरांना मांडीवर घेणारी हसरी बाई. छे! बाई उंच, वाळक्या, ओठ मिटलेल्या. मयताला आल्यासारख्या चेहऱ्याने बालवाडीत शिरायच्या, पिशवीतलं गजराचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायच्या, छत्री दाराच्या खुंटीला अडकवायच्या आणि म्हणायच्या, "बसा मंडळी."

मंडळी म्हणजे शेंबडी, एका हाताने चड्डी सावरणारी तीन-चार वर्षांची पोरं. पण बाई त्यांना अहोजाहो करायच्या. "अहो सोमाराव, बोट नाकातून काढा." "अहो जिवलीताई, पाटी चाटू नका." आणि मोठ्या माणसांना सरळ अरेतुरे. खदानीचा मुकादम मिशीला पीळ देत यायचा, तर त्याला, "काय रे, अंघोळ केलीस का आज?" बालवाडी चालवणाऱ्या संस्थेकडून कोणी बघायला आलं तर त्यालाही, "बस रे इथं पाटावर." मी एकदा धीर करून विचारलं, हे असं उलटं कसं? म्हणाल्या, "मोठ्यांना मान द्यायला सगळं जग बसलंय. त्यात मी कशाला भर घालू?"

मी तेव्हा नुकतीच मॅट्रिक झालेली, पालघरची मुलगी. सकाळच्या गाडीने बोईसरला उतरायचं आणि बेटेगावच्या रस्त्याने चालत बालवाडी गाठायची. काम मदतनिसाचं. पाणी भरा, नाकं पुसा, रडेल त्याला उचला. मला वाटलं होतं, गाणी म्हणायची, टाळ्या वाजवायच्या आणि महिनाअखेर पगार घ्यायचा. बालवाडी म्हणजे कारवीच्या कुडाची, शेणाने लिंपलेली एक लांबट खोली, वर कौलं. दारातून समोर माळ दिसे, माळापलीकडे टेकडी आणि टेकडीच्या पोटात खदान. तारापूरकडे समुद्राकाठी मोठं काम निघालं होतं, रस्ते होत होते, त्याला खडी लागे. ती या टेकडीतून निघायची. आमची निम्मी मंडळी खडी फोडणाऱ्या बायांचीच होती.

आणि रोज दुपारी, पोरांना घरी सोडायच्या आधी, सुरुंगाचा बार व्हायचा.

पहिली शिट्टी झाली की लाल बावटा वर चढे आणि खदानीतली माणसं टेकडीमागे जाऊन बसत. दुसरी शिट्टी म्हणजे बत्ती दिली. त्यानंतर काहीच नाही. ते काहीच नसणं फार वाईट. कावळेसुद्धा गप्प व्हायचे. कधी लगेच उडे, कधी इतका वेळ जाई की वाटावं, विझली वाटतं बत्ती. आणि नेमकं तेव्हाच खालून कोणी ढकलल्यासारखी जमीन हले, कौलांतून माती पडे आणि मग तो आवाज येई.

माझ्या पहिल्याच दिवशी शिट्टी झाली आणि समोर बसलेली सगळी पोरं एका क्षणात कोपऱ्यात एकमेकांवर पडली. सोमाने चड्डी ओली केली. जिवली नावाची एक बारकी मुलगी होती, तिची आई खदानीवर. तिने डोकं पाण्याच्या घडवंचीखाली खुपसलं. बाहेर राहिलेली तिची पाठ थरथरत होती. बार झाला, पोरं रडली, निवली, पण जिवली त्या दिवशी पुन्हा एक शब्द बोलली नाही. उचलून घेतली तर लाकडासारखी ताठ.

"रोज असंच," बाई म्हणाल्या. "आई तिकडे आहे तिची. आवाज झाला की हिच्या लेखी आई मेली. संध्याकाळी ती घरी येते तेव्हा जिवंत होते. उद्या पुन्हा मरते. एवढ्याशा जिवानं किती सोसायचं?"

हे त्यांनी घड्याळाला किल्ली देत, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मला तेव्हा वाटलं, काय दगड आहे ही बाई!

बाईंच्या पुस्तकांकडे येते. संस्थेने दिलेली छापील पुस्तकं होती की. त्यांत पहाटे उठणारी, दात घासणारी, वडीलधाऱ्यांच्या पाया पडणारी स्वच्छ मुलं होती. बाईंनी ती कपाटात ठेवून दिली होती. "ही मुलं इथं आली तर आपली मंडळी त्यांना चिखलात ढकलतील, आणि चांगलं करतील." मग पुस्तकं त्या स्वतःच करत. सिमेंटच्या पिशवीचा जाड कागद झटकून गादीखाली सपाट करायचा, गोधडीच्या दोऱ्याने शिवायचा आणि गेरू, हळद, काजळ घेऊन चित्रं काढायची. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती असं म्हणतात. बाईंचा मारुतीही होत नसे. त्यांची म्हैस ट्रंकेसारखी दिसे, आणि कोंबडीचं तोंड कुठलं यावर पोरांची मारामारी होई. 'म्हशीला चष्मा' नावाचं एक पुस्तक होतं. म्हशीला चष्मा मिळतो, तिला गवतातले किडे स्वच्छ दिसतात आणि ती खाणंच सोडते. मग गवळी तो चष्मा विकायला काढतो, त्याचंच गिऱ्हाईक तो विकत घेतं, आणि त्याला दुधातलं पाणी दिसतं. हे मी आता सांगते तर काहीच नाही. बाईंच्या तोंडून ऐकायला हवं होतं. पुस्तक छातीशी, चित्र मुलांकडे, शब्द पाठ, आणि चेहरा असा की घरात सुतक असावं.

नियम एकच, हसायचं नाही. जो हसेल त्याच्यापाशी गोष्ट थांबणार. पोरं तोंडात मुठी कोंबून बसत, कोणाच्या डोळ्यांतून पाणी येई, कोणी मागच्या मागे आडवं होई. माझीच पंचाईत व्हायची. मला फिसकन हसू आलं की बाई थांबून माझ्याकडे अशा बघत, की वाटे उद्यापासून येऊ नको म्हणतील.

"तुम्हाला स्वतःला हसू येत नाही का हो?" मी विचारलं.

"स्वयंपाकीण आधी जेवली तर पंगतीला काय वाढणार?" एवढंच उत्तर.

पावसाळा संपला, खदानीत बार वाढले, आणि एका सोमवारी बाई नवं पुस्तक घेऊन आल्या. पहिल्या पानावर टेकडी. आमचीच टेकडी, वरच्या एकुलत्या एका ताडासकट. टेकडीच्या आत मांडी घालून बसलेले एक म्हातारे आजोबा. नाक भोपळ्याएवढं. आजोबांना सर्दी झाली आहे. बकरी ओव्याची पुरचुंडी आणते, कोंबडी नाकाला शेक देते, मुकादम आपल्या पागोट्याने नाक पुसून देतो. कशाचा उपयोग नाही. शिंक वर येते आहे.

त्या दिवशी पहिल्या शिट्टीबरोबर बाईंनी पुस्तक उघडलं. पोरं उठून पळायच्या बेतात होती. "बसा मंडळी. आजोबांची तब्येत बरी नाही," बाई म्हणाल्या. त्या आवाजात काय होतं कोण जाणे, पोरं अर्धी उठलेली तशीच राहिली. दुसरी शिट्टी झाली. बाईंनी पान उलटलं. पानभर नुसतं नाक.

"आ…" बाई म्हणाल्या. "आ…"

खोलीत चिडीचूप. "आ…" श्वास संपला की नवा श्वास घेऊन पुन्हा "आ…". सोमाने तोंड उघडलं आणि तोही म्हणाला, "आ…" मग दुसरा, मग तिसरी. सगळी खोली तोंड वासून बसली. अजून काही उडत नाही. बाईंच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, पण पान जराही हललं नाही. आणि जमीन हलली.

"छीं!" बाई ओरडल्या आणि पान उलटलं. आजोबा शिंकले होते. बकरी कौलावर, मुकादमाचं पागोटं ताडाच्या शेंड्यावर, आणि त्याच्याही वर, उघडी होऊन उडत चाललेली बाईंची छत्री.

मग कौलांतली माती डोक्यावर घेऊन पोरं जी हसली! बाईंनी त्या एका पानाला हसायची परवानगी दिली होती. घडवंचीखालून डोकं बाहेर आलं. जिवलीने छत्रीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "बाई, तुमची."

पुढे हे रोजचं झालं. शिट्टीची वाट बघू लागली पोरं! मुकादमही त्यात आला. सकाळी जाता जाता हाळी देई, "बाई, आज आजोबाना सर्दी जास्त हाय. सुरुंगाची भोकं जास्त मारलीत." बाई दारातून ओरडत, "वेळेवर शिंकायला सांग रे त्यांना, माझा श्वास पुरत नाही!" जिवली आता पहिल्या रांगेत बसे. "छीं" सगळ्यांत आधी आपलंच झालं पाहिजे म्हणून ती पुढे सरकून, ओठ तयार ठेवून बसे. मी तर बाईंची भक्तच झाले. एक गोष्ट मात्र मला कळत नसे. बार होऊन गेल्यावर, थंडीतसुद्धा, बाईंचं पोलकं पाठीला घामाने चिकटलेलं असायचं. मी समजायचे, कौलं तापतात.

पौषात सगळ्यांनाच सर्दी झाली. बालवाडीच्या कुंपणाला अडुळसा होता. बाई त्याच्या पानांचा गूळ घालून काढा करत आणि पळीपळीने मंडळींना पाजत. जिवलीने आपली पळी घेतली, तोंड वेडंवाकडं केलं आणि विचारलं, "बाई, आजोबाना अवशीद कोन देते?"

"कोणी नाही," बाई चुलीतली राख ओढत म्हणाल्या.

"का नाय?"

"तिथं जायला कोणाची छाती आहे, जिवलीताई?"

मी हसले. जिवली हसली नाही. ती बराच वेळ अडुळशाकडे बघत राहिली. मी ते पाहिलं, बाईंनीही पाहिलं, आणि आम्हा दोघींच्या डोक्यात काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिली शिट्टी झाली, मंडळी बसली, बाईंनी पुस्तक उघडलं आणि थांबल्या. पहिल्या रांगेत जिवलीची जागा रिकामी होती.

"मागे गेली असेल," मी म्हटलं आणि मागे जाऊन बघितलं. नव्हती. कुंपणाशी अडुळशाची एक फांदी मोडून लोंबत होती. तिथून माळावर जाणाऱ्या पायवाटेवर थोड्या थोड्या अंतराने पानं पडली होती. लहान मुठीतून सांडावीत तशी. मी बाईंना हाक मारली. त्या आल्या, पानांकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावरचा रंगच गेला.

"मीच म्हणाले," त्या पुटपुटल्या. "कोणाची छाती नाही म्हणाले. मीच."

पुस्तक त्यांनी माझ्या हातात कोंबलं. "एकालाही उठू देऊ नकोस." खुंटीवरची छत्री सवयीने घेतली आणि त्या धावल्या. बाईंना धावताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. नऊवारीचा ओचा एका हातात, छत्री दुसऱ्या हातात, त्या माळ तुडवत चालल्या होत्या. त्या अर्ध्यावर पोचल्या आणि दुसरी शिट्टी झाली.

बाई थांबल्या नाहीत.

खदानीच्या तोंडाशी रेल्वेच्या जुन्या स्लीपरांची एक भिंत रचली होती. बत्ती देणारे तिच्या आड बसत. मुकादम तिथून अर्धा बाहेर आला आणि जीव खाऊन ओरडला, "बाई, मागे फिरा! बत्ती दिली हाय! बत्ती दिली हाय!"

"पोरगी आहे रे आत!"

"कुटं? मला दिसली नाय! मागे फिरा, मराल!"

बाई खदानीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. समोर फोडलेल्या दगडांचे ढीगच्या ढीग. त्यांच्यात जिवलीएवढं काहीतरी लपणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. "जिवलीताई! अहो जिवलीताई!" उत्तर नाही. नंतर कळलं, ती दोन दगडांच्या बेचक्यात उकिडवी बसली होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं. वर्ग सोडून आल्याबद्दल बाई रागावतील म्हणून ती गप्प होती.

मी दारात उभी, हातात ते पुस्तक, पाठीमागे वाट बघणारी पोरं. ओरडून काही उपयोग नाही, धावून काही उपयोग नाही. देवाला सुद्धा हाक मारायचं सुचलं नाही.

आणि मग माळावरून आवाज आला. स्वच्छ, लांब, रोजचा.

"आ…"

बाई हाका मारायच्या थांबल्या होत्या. दगडांकडे तोंड करून, छत्री टेकून त्या ताठ उभ्या होत्या आणि गोष्ट वाचत होत्या.

"आ…"

माझ्यामागे सोमाने ते ऐकलं. त्याला वाटलं, सुरू झालं. "आ…" तो म्हणाला, आणि सगळी बालवाडी तोंड वासून "आ…" करू लागली. मी त्यांना थांबवलं नाही. माझ्याही तोंडून तेच निघत होतं. खोलीतला आणि माळावरचा आवाज एक झाला. बाईंचा श्वास संपला, त्यांनी नवा घेतला.

"छीं!"

एवढासा आवाज. दगडांतून. बार उडायच्या आधी "छीं" झालेलं ते पहिल्यांदाच. जिवलीला राहवलं नव्हतं. आपल्याआधी दुसरं कोणी म्हणेल की काय!

बाई वळल्या, वाकल्या, काहीतरी उचललं. मुकादम आडोशातून पुरता बाहेर आला, त्याने बाईंचा दंड धरला आणि दोघींना फरफटत स्लीपरांमागे ओढलं. जमीन हलली.

"छीं!" पोरं ओरडली आणि हसली. रोजच्यासारखीच हसली, टाळ्या वाजवून. त्या हसण्याचा मला जेवढा राग आला तेवढा जन्मात कशाचा आला नसेल. दारापुढे नुसती धूळ. मी धुळीकडे बघत होते आणि डोळे मिटायला घाबरत होते.

धुळीतून आधी छत्री दिसली. तिच्या कापडाला भगदाड पडलं होतं. मग बाई, आणि त्यांचं बोट धरून जिवली, दुसऱ्या मुठीत अडुळसा तसाच. बाई आत आल्या, माझ्या हातातून पुस्तक घेतलं, पुढचं पान काढलं आणि वाचू लागल्या. आवाज नेहमीचा. पण पान हलत होतं. जिवली आपल्या जागेवर जाऊन बसली आणि सोमाला हळूच म्हणाली, "आजोबा घरी नवते."

जिवलीची आई टेकडीमागून पळत आली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. अंगभर दगडाची पांढरी भुकटी. तिने पोरीला उचललं, चाचपून बघितलं, एक धपाटा घातला, आणि मग बाईंपुढे उभी राहिली. मला वाटलं, पाया पडेल. पोरीचा जीव वाचवला होता ना.

"बाई," ती म्हणाली, "मी कामाला जाते तवा हिच्यापाशी ठेवायला माज्याकडे कोन हाय? सासू नाय, नणंद नाय. मी भीती ठेवून जाते. तीच हिला सांभाळते. शिट्टी झाली का ही डोकं लपवायची, तवा तिकडे माजा जीव थाऱ्यावर असायचा. ती भीती तुमी काडून घेतली. हसवून हसवून काडून घेतली."

दुसऱ्या दिवसापासून जिवली आली नाही. आई तिला खदानीवर न्यायला लागली. धुळीत, उन्हात, पदराच्या टोकाला बांधलेली.

खरं सांगते, मला जिवलीच्या आईचा रागच आला. जिवावर उदार होऊन पोर काढून आणली आणि वर बोलणी! मी तसं बाईंना म्हटलंही. बाई म्हणाल्या, "ती बरोबर बोलली. मी घरातला कुत्रा हाकलला आणि दार उघडं टाकलं."

त्यांनी ते पुस्तक मिटून ठेवलं. पण आता वेगळंच संकट. शिट्टी झाली की पोरं पुस्तकाशिवायच "आ…" करत, आणि सोमा तर दाराकडे पळे, आजोबा दिसतात का बघायला. बाईंनी त्याला धरून आणलं. "सोमाराव, आत आजोबा नाहीत. तो दगड फोडण्याचा बार आहे. लागला तर माणूस मरतं."

"नाय. आजोबाच हायत," सोमा म्हणाला. सगळी मंडळी त्याच्या बाजूने. "बाई खोटं बोलतात!" रागावून झालं, दरडावून झालं. कोणाला खरं वाटेना. रोज पहिली शिट्टी झाली की मी दार लावून त्याला पाठ टेकून उभी राहायची, आणि उद्या दुसरं कोणी निसटलं तर, या विचाराने माझं जेवण उतरेनासं झालं.

"मुलांना दिलेली गोष्ट परत मागता येत नाही," बाई एकदा म्हणाल्या. "पुढचीच द्यावी लागते." आणि पिशवीतून सिमेंटचा कागद काढला.

पुस्तक झालं तेव्हा त्या आधी मुलांकडे गेल्या नाहीत. संध्याकाळी मला बरोबर घेऊन जिवलीच्या झोपडीवर गेल्या. आई चुलीपुढे बसली होती, जिवली तिला चिकटून.

"बस," बाई तिला म्हणाल्या. "वाचून दाखवते. हसायचं नाही."

"मला कुटं हसू येतं आता?" आई म्हणाली, पण बसली.

तेच आजोबा, तेच नाक. पण या खेपेला आजोबांचं नाक नुसतं हुळहुळलं की बकरी पळते. कोंबडी पिल्लांना घेऊन पळते, खडी फोडणारी एक बाई पळते. मुकादम पागोटं बगलेत मारून सगळ्यांत पुढे. जो तो कान धरून जमिनीला चिकटतो, कारण आजोबा चांगले असले तरी त्यांच्या शिंकेला डोळे नाहीत, आपलं कोण, परकं कोण, तिला दिसत नाही. एकटा कोंबडा म्हणतो, मी भीत नाही, मी आजोबांना औषध देणार. शेवटच्या पानावर तो कोंबडा ताडाच्या शेंड्यावर, अंगावर एकही पीस नाही, आणि त्याने लाज झाकायला बाईंची भोक पडलेली छत्री धरली आहे.

जिवलीच्या आईने पदर तोंडात धरला. खांदे हलले. मग ती एका पानाशी परत आली आणि बोट ठेवून म्हणाली, "ही मी?"

"तू."

"ही तर रांजण दिसते."

"मला तसंच येतं."

"मंग पोरीला माज्या हाताखाली काडा. पळताना मी तिला सोडीन काय?" बाईंनी तिथंच चुलीतला कोळसा घेतला आणि रांजणाला एक हात काढला, हाताखाली एक बारका रांजण काढला. आई ते बघत राहिली. "हसवा, बाई," ती म्हणाली. "पर भीती ठेवून हसवा. उद्या येल ती."

आली. मला तो दिवस लख्ख आठवतो, कारण मी सकाळपासून दाराशीच होते. पहिली शिट्टी झाली. बाई म्हणाल्या, "मंडळी, आजोबांचं नाक हुळहुळतंय," आणि स्वतः गुडघे टेकून, मग कोपरं टेकून, अख्ख्या उंचीसकट जमिनीवर आडव्या झाल्या. पोरं क्षणभर बघत राहिली आणि मग धपाधप आडवी झाली, कान धरून, एकमेकांच्या अंगावर. सोमासुद्धा. "मी कोंबडा नाय," तो ओरडून सांगत होता. मीही आडवी झाले. जिवली बाईंच्या शेजारी होती. पुस्तक त्यांच्यापुढे जमिनीवर उघडं.

दुसरी शिट्टी झाली.

"आ…" बाई म्हणाल्या. कोणी "आ" केलं, कोणी केलं नाही. जिवलीने केलं नाही. तिने मान वळवली.

"बाई, आता भ्यायचं का?"

"हो, जिवलीताई," बाई म्हणाल्या. "आता भ्यायचं."

"तुमी पण?"

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. जमिनीलगत त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. ओठ मिटलेले नव्हते, थरथरत होते. पाठीवर पोलकं भिजलं होतं, आणि त्या दिवशी तर आभाळ आलेलं होतं, कौलं गार होती.

"मी पण," त्या म्हणाल्या. "रोज भिते हो. तुमच्याहून जास्त. पहिलं पुस्तक मी माझ्यासाठीच केलं होतं."

जिवलीने थोडा विचार केला. मग स्वतःचे कान सोडले आणि आपले दोन्ही तळवे बाईंच्या कानांवर दाबून धरले. तिचे कान उघडे राहिले. बाईंनी ते पाहिलं आणि पुस्तकावरचे हात काढून तिचे कान झाकले. दोघी तशाच, नाकासमोर नाक, कोणाचा हात मोकळा नाही.

आजोबा शिंकले. पान मी उलटलं.